मागाला वळसा

मानकापूरच्या संकुलात दोनशे पोट्टे
एका दमात पाचवा काता करतात.
अठराव्या पावलाला सगळे डावीकडे सरकतात,
अर्धा गोल घेतात,
पुन्हा सरळ रेषेत येतात.
मधे काहीच नाही. निळी गादी,
तिच्यावर दिव्यांचा चकाका.

पुण्याहून आलेले पंच विचारतात,
इथे शत्रू कुठे आहे?
आमच्या पुस्तिकेत छापलंय, ‘चंद्रकोर चाल :
प्रतिस्पर्ध्याच्या मनाला बगल देणे.’
निखारे सर गेल्यावर कुणीतरी लिहिलं हे.
बहुतेक हेडाऊनं. त्याला दहावीला संस्कृत होतं.

मी तांडापेठेतली. आमची न् सरांची भिंत एक.
दहा बाय चौदाची खोली,
तिच्यात खड्डामाग,
खड्ड्यात पाय सोडून सरांचा बाप.
सर दोन वर्षं कलकत्त्याच्या गोदीत हमाली करून आलेले,
एका म्हाताऱ्या खलाशाकडून चार काते घेऊन.
पाचव्याच्या आत जहाज सुटलं.
पाचवा त्यांनी इथं विणला,
पहाटे चारला, कंदील खिळ्याला टांगून :
धोटा गेला की ठोसा,
पावडी दाबली की लाथ,
आणि बाप, मान वर न करता,
‘ताण्याले हात लागला तं हात तोडीन.’

नऊ वर्षांची मी, कांड्या भरता भरता
एक दिवस त्यांच्या मागं उभी राहिले.
सरळ गेले. खांब लागला नडगीला.
‘काहून बे, माग दिसत नाही?’
एवढंच. माझा पहिला धडा,
आणि थोडी हळद.

बाप गेला त्या उन्हाळ्यात माग विकला,
साडेतीनशेला, लाकडाच्या भावानं.
खड्ड्यात मलबा भरला, वर शहाबादी.
दुसऱ्या पहाटे आम्ही सहाजण बघत होतो,
आता सर कसे जातात.
ते अठराव्या पावलाला आले
आणि वळसा घालून गेले.
कुणी काही विचारलं नाही.
उकडत होतं. कूलरला पाणी नव्हतं.

आता दोन संघटना आहेत, दोन बोधचिन्हं,
नावावरून कोर्टात तारखा.
गोळीबार चौकातल्या गटानं वळसा काढून टाकलाय,
‘सुटसुटीत’ म्हणे. त्यांची पोरं जिंकतात जास्त,
हेही खरं.
हेडाऊ माझ्याशी बोलत नाही.
सरांचा फोटो दोघांकडे एकच,
डोळे मिटलेला. दुसरा काढलाच नव्हता.

आज परीक्षेला कामठीची एक पोरगी,
कोपरं अशी की सरांनी मान डोलावली असती.
अठरावं पाऊल.
सरळ गेली. मागातून आरपार.
मी श्वास धरून बसले,
ताणा तुटल्याचा आवाज येईल म्हणून.

नाही आला.
अर्धा गुण कापला,
आणि टेबलाखाली नडगी चोळली.