गाद्या परत करताना

रविवारी रात्रीचे साडेअकरा.
विश्रामबागच्या या कार्यालयात उद्या
कुणाचातरी साखरपुडा,
सातच्या आत हॉल मोकळा हवा.

सन्मती वही मिटत नाही अजून:
एकेचाळीस जण, चारशे सत्तरची तूट,
एक कानातलं, एक मोजा,
बेंगलोरच्या कुणाचातरी चष्मा.

पाय सरकावेत म्हणून फरशीवर
कॅरमची पावडर आम्हीच टाकली होती,
आता आम्हीच पुसतोय.
वॉचमन आवटीमामा तीन दिवस विचारत होते,
"नवरा-नवरी कुठं हाईत?"
आणि गाणं एवढं रडवं,
तर माणसं डोळं मिटून हसत्यात कशाला?
मला सांगता आलं नाही.
मी चहाच्या पिंपापाशी होतो.
तीन रात्री ब्लूज वाजलं, मी ऐकलं ते
भिंतीपलीकडून, जनरेटरमध्ये कालवलेलं.

राहिल्या गाद्या. वरच्या मजल्यावरच्या.
एक टोक शकिलाकडे, एक माझ्याकडे.
जिना अरुंद, ती उलटी उतरते, मागं न बघता.
"थांब."
थांबलो.
"वजन दे थोडं."
दिलं.
तिचा पाय पायरी चाचपतो,
सापडली की मला गादीतून कळतं.

बावीस गाद्या.
खाली टेम्पोवाला हॉर्न मारतोय.
नवव्या-दहाव्यानंतर
"थांब" म्हणायची गरज उरली नाही.