आवाजाची चाचणी

सकाळी काय खाल्लं ते सांगा, मी म्हणतो
कॉलरला माइक अडकवताना.
पातळी बघायची असते, एवढंच.
मंत्री सांगतात, स्कीपटू सांगतात.
प्राध्यापक ओडनी क्वालविक म्हणतात, काळा पाव, तपकिरी चीज,
आणि काटा हिरव्यात डोलतो, लालला शिवत नाही.
दहा वर्षं हाच नाश्ता, हाच आवाज.
जगात कुठे सैन्य घुसलं
की ऑस्लोत यांना फोन जातो.

पूर्वी वीस मिनिटं मिळायची.
आता नव्वद सेकंद,
त्यातही शेजारी निवृत्त कर्नल, बाणांचा नकाशा घेऊन.
बाणांना घाई असते.
यांचा अभ्यास सुरू होतो बाण थांबल्यावर:
शाळेच्या दाखल्यावर आता शिक्का कोणाचा,
पाणीपट्टी कोणाला भरायची,
पोस्टमननं टोपी कुठली घालायची,
आणि बेकरीवाल्यानं त्यांना पाव विकला
तर तो फितूर, की नुसताच बेकरीवाला.
एकेचाळीस ताबे मोजलेत त्यांनी, गाववार.
ताबा हा शब्द त्या जपून उच्चारतात.
निवेदक त्यालाच कधी परिस्थिती म्हणतो, कधी घडामोड,
आणि विचारतो: एका शब्दात सांगा, किती दिवस?

घरी कोणाला ऐकू येत नाही ते हेडफोनमध्ये मला येतं.
उत्तराआधी टाळूवरून सुटणारी जीभ.
एक आवंढा.
"अवलंबून आहे," त्या म्हणतात.
"तीन आठवडे," कर्नल म्हणतो.
सकाळच्या मथळ्यात कर्नल.

गेल्या गुरुवारी मध्येच चित्रफीत लागली.
छप्पर नसलेल्या घराचा उंबरठा
एक बाई झाडत होती.
स्टुडिओतला दिवा विझलेला, माइक मात्र चालू,
आणि त्या कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या,
"आई अजून खिळे सरळ करते."

मी फेडर खाली ओढायला हवा होता.
ओढला नाही.

पोर्सांगरच्या काठचं गाव, चव्वेचाळीसचा हिवाळा तोंडावर,
माघार घेणाऱ्या फौजेनं गोठ्यासकट जाळलेलं.
परतल्यावर लाकूड नव्हतं. राख होती,
राखेत खिळे, वाकलेले, निळे पडलेले.
सहा वर्षांची पोर धोंड्यावर बसून
हातोडीनं एकेक सरळ करी,
दिवसाला हेरिंगचा एक डबा भरून.
बाप त्यातून भिंत उभी करी.
"जळलेला खिळा मऊ असतो," प्राध्यापक म्हणाल्या,
"चटकन सरळ होतो, चटकन वाकतो.
आता ती वृद्धाश्रमात आहे, माझं नाव आठवत नाही,
पण हात रिकामे राहिले की रडते.
मग मी दुकानातून नवे खिळे आणते
आणि शनिवारी रात्री बसून, पक्कडीनं, वाकवते."

चित्रफीत संपली. पाच, चार, तीन.
"तर प्राध्यापक, थोडक्यात?"
काटा तळाशी पडून राहिला.
कंट्रोल रूममधून कोणीतरी माझ्या कानात ओरडलं,
आवाज गेलाय का?
नाही, मी म्हटलं. आवाज आहे.
मग त्या म्हणाल्या, "अवलंबून आहे,"
आणि कर्नलनं नकाशा पुढे सरकवला.

आज पुन्हा आल्या. दुसरा देश.
वायर अंगरख्याखालून घ्यायला त्यांनी हात उचलला तेव्हा
अंगठ्याच्या नखाखाली ताजा निळा डाग दिसला.
सकाळी काय खाल्लंत, मी विचारलं.
काळा पाव, त्या म्हणाल्या. तपकिरी चीज.
पातळी ठीक आहे, मी म्हणालो.