टोंगळाभर

गणतीच्या कागदात एक रकाना आहे: पाण्याची खोली, मीटरमध्ये.
सुकरू नान्हे पँट दुमडतो,
मोजायची काठी काठावरच ठेवतो
आणि स्वतः आत उतरतो.
मधोमध पोचून ओरडतो,
"लिवा मॅडम, टोंगळाभर."

असं लिहिता येत नाही, म्हणते मी.
तो आणखी दोन पावलं सरकतो,
थबकतो,
खाली बघत काहीतरी पुटपुटतो,
ओळखीच्या कुणाला रागवावं तसा.

उमरेडची खाण इथून दिसत नाही.
दुपारी सुरुंगाचा आवाज तेवढा येतो,
तेव्हा सगळ्या अडया शिट्ट्या मारत उठतात,
आभाळभर एक वळसा,
आणि माझी गणती मोडते.
चारशे बारा, की चारशे एकवीस?
"मोजू नका," सुकरू म्हणतो, "बसू द्या.
बसल्यावर पाणी किती काळं झालं ते पाहा."
त्याचा बाप मासे असेच मोजायचा,
टोपली नुसती उचलून.

बोडी अभयारण्यात गेली त्याला पंधरा वर्षं झाली.
म्हणजे बोडी कुठे गेली नाही.
गेले ते ढिवरांचे डोंगे, शिंगाड्याचे वेल,
काठावर जाळी वाळायची ती बाभूळ.
आता सुकरूला रोजी मिळते
जाळं टाकणाऱ्याला हाकलायची.
मागच्या होळीला हाकललं तो त्याचा सख्खा साळा.
त्याला रकाना नाही.

एक थापट्या पाण्यावर चोच फिरवत जातो,
भिंतीला गिलावा करावा तसा.
हा हिमालयापलीकडून येतो, मी सांगते.
"इतक्या लांबून? एवढ्याशा पाण्यासाठी?"
खोल पाण्यात त्याची चोच तळाला पोचत नाही, सुकरूभाऊ.
याला एवढंच लागतं.

तो काही बोलत नाही.
मग वाकतो, कोपरापर्यंत हात घालतो,
तळव्याला मघाशी टोचलेलं ते वर काढतो:
एक शिंगाडा, काळाठिक्कर, दोन्ही शिंगं शाबूत.
कुणी लावला नाही, कुणी खुडला नाही,
आपला आपणच रुजत राहिलेला.

इथून काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही,
ही पाटी त्यानेच रंगवलीय गेटवर.

तो माझ्याकडे बघतो.
त्याच्या पायावर गाळाची ओली रेघ,
टेप लावून मी ती मोजते, शून्य पूर्णांक सत्तेचाळीस,
आणि लिहायला लागते.
चार आकडे.
फार वेळ लावते लिहायला,
मान खाली घालून.