आकडे हजारांत

पुस्तकाच्या उजव्या कोपऱ्यात, वर,
बारीक छापलेलं असतं : आकडे हजारांत.
म्हणजे शेवटची तीन शून्यं सोडून दिलेली.
एकवीस वर्षं कोषागारात काढली,
तरी त्या जागी माझी नजर अडखळते,
अंधारात जिन्याची एक पायरी कमी निघावी तशी.

डिसेंबरात सरकार आमच्या गावी येतं.
सिव्हिल लाइन्समधल्या झाडांना गेरू-चुना लागतो,
मोर्चे टेकडी रोडला अडतात,
आणि तर्री-पोहे संपायच्या आत
पुरवणी मागण्या आवाजी मतानं मंजूर.
त्यात, पान एकशे त्र्याऐंशी,
मुलींचं वसतिगृह, ब्लँकेटं :
१.
नुसता एक. म्हणजे हजार रुपये.
लाक्षणिक तरतूद म्हणतात हिला,
दार लागू नये म्हणून ठेवलेली वीट.
बाकीची रक्कम मागून, बचतीतून.

बचत हाही गमतीचाच शब्द.
घरी बचत म्हणजे बायको डाळीच्या डब्यात ठेवते ते.
इथं, जे कुणाला तरी
मिळायचं राहिलं.

हेडाऊ मॅडम जानेवारीत दोनदा आल्या.
गृहपाल. कानाला मफलर, त्रेसष्ट मुली.
अनुदान आलेलं नाही, म्हटलं.
खरंच आलं नव्हतं.
पडद्यावर त्या लेखाशीर्षापुढे भोपळा,
बाहेर पारा आठवर.
तिसऱ्यांदा त्यांनी फोन केला.
मी उचलला नाही.

एकतीस मार्चला, रात्री पावणेदहाला
आकडा उगवला.
रांग जिन्यावरून खाली पानठेल्यापर्यंत,
ठेकेदार, मुख्याध्यापक, कुणाचा तरी झोपलेला शिपाई.
बाराला उरलेलं सगळं व्यपगत होतं, परत जातं.
कुठे जातं, ते मला कुणी दाखवलेलं नाही.

मॅडम भाच्याच्या गाडीवर आल्या, अकराला.
देयकाची कड घामानं मऊ.
"सर, घरोघरी कुलर लागले,
आता ब्लँकेटं घेऊन काय करू न मी?"
घ्या, पुढच्या थंडीला होतील.
"बारावीच्या तर गेल्या ना पेपर देऊन.
त्या थोडीच येतील."

टोकन दिलं. तपासलं.
बेरीज बरोबर, शीर्ष बरोबर, सही बरोबर.
ऋतूसाठी रकाना नाही.
अकरा चौपन्नला पारित :
चौतीस हजार सहाशे पन्नास.

घरी निघालो तर सदरजवळ बार बंद होत होता.
राज्याची जमेची बाजू
एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून
रस्ता ओलांडत होती. मी गाडी थांबवली,
त्यांना जाऊ दिलं.

पुढच्या पुस्तकात हे पस्तीस दिसेल.
साडेतीनशे रुपये जास्त,
जे कुणी दिले नाहीत
न कुणाच्या अंगावर पडले.