पानाचा इतिहास

चौथी पायरी मी लिहिली मुलुंडला, रात्री दीड वाजता:
‘भरती-ओहोटीतला फरक कमी असेल, तर हा आकडा भरा.’

सकाळी कुणीतरी बिननावाने बदललेलं:
‘भांग असेल, तर.’
गांजेकस दिसतोय, म्हणत मी पान मागे फिरवलं.
त्याने पुन्हा लिहिलं.
मी पुन्हा पुसलं.
तिसऱ्यांदा, बदलाचं कारण लिहायच्या चौकटीत:
‘अष्टमीला वरळी कोळीवाड्यात या. हिराजी तांडेल विचारा.’

गेलो.
धक्क्याच्या खांबावर त्याने खडूची रेघ मारली,
विडी ओढत बसला.
तासाभराने पाणी
जेमतेम वीतभर हललेलं.
‘उधान ठाव, भांग नाय?’

आता चौथ्या पायरीत भांग आहे.
खाली इतिहासात
मी दोनदा पुसलेलं, तारीखवार,
माझ्या नावासकट.
ते पुसायची सोय
मीच ठेवली नव्हती.