परखी

कवडूजी पोस्टमन धानाच्या कट्ट्यांना सायकल टेकवतो
आणि म्हणतो, आज तीन हायेत जी.
तीन पाकिटं, खाकी टेप,
आत पहिल्या पानावर जांभळा शिक्का:
सप्रेम भेट, अभिप्रायार्थ.

दिवसभर मी धान तपासतो,
सोसायटीच्या खरेदी केंद्रावर, चुलबंदच्या अलीकडं.
कट्ट्यात परखी खुपसायची,
नळीतून घरंगळतील तेवढे दाणे घ्यायचे,
एक दाताखाली धरायचा.
कट् वाजला तर कोरडा,
गप्प राहिला तर ओला.
चाळीस किलोचा निकाल अर्ध्या मुठीत.

रात्री पुस्तकं.
नागपूरच्या रविवार पुरवणीत, डावीकडं खाली,
माझा चौकोन असतो तीनशे शब्दांचा.
एकवीस वर्षं झाली.
मानधन येतं कधीमधी, पुस्तकं मात्र न चुकता:
खाटेखाली, कोठीवर, बंद पडलेल्या शिलाई मशीनवर.
बायको म्हणते, उंदीर तुमच्यापेक्षा पुढं आहेत,
त्यांचं दिवाळीपर्यंतचं सगळं झालं.
माझे मात्र त्याच्या आधीच्या दिवाळीचे कथासंग्रह बाकी,
दोन आत्मचरित्रं,
आणि एक प्रवासवर्णन,
त्यातला माणूस केव्हाच घरी पोचला असेल.

म्हणून मग इथंही परखी.
पहिलं पान, शेवटचं, मधलं हाताला लागेल ते,
मलपृष्ठ, अर्पणपत्रिका.
कळतं तेवढ्यात. कळत नाही असं नाही.
हात बसलेला असतो.

अशीच एक कादंबरी होती,
विहीर खणणाऱ्या माणसाची, एकशे शहात्तर पानं.
मी लिहिलं, मध्यावर ती विशेष पकड घेते.
छापून आलं.
प्रत देऊन टाकली गावच्या वाचनालयाला,
ड वर्गाचं आहे,
एक ट्यूबलाइट, एक वाचक.

वाचक म्हणजे दामिनी शहारे, अकरावीतली.
बापाचा सातबारा घेऊन केंद्रावर आली,
नंबर लागेपर्यंत उभी राहिली,
सही झाली,
मग पिशवीतून पुस्तक काढलं.
"एक्याऐंशी ते शहाण्णव कोरे काहून हायेत जी?"

सोळा पानं. अख्खा फॉर्मा.
इतका पांढरा, की मागून जाणाऱ्या हमालाची
सावली पडली त्याच्यावर, कट्ट्यासकट.

"मले वाटलं तसंच असंन," ती म्हणाली,
"तो विहिरीत उतरते, अन् मंग कोरं.
वर येते तं त्याची बायको मेली राहते.
पण तुमी तं लिहिलं, मधात पकड घेते.
म्हून म्हटलं, तुमच्यापाशी दुसरं असंन,
भरलेलं."

परखी माझ्या हातातच होती.
बघतो, एवढंच म्हणालो.

प्रकाशकाला पत्र टाकलं. दीड महिन्यानं कार्ड आलं:
सर्वच प्रती तशा आहेत. छापखान्याची नजरचूक.
दोन वर्षांत कळवणारे आपण पहिलेच.
लेखकमहाशयांस कृपया सांगू नये.
आपल्या सूक्ष्म वाचनाबद्दल आभार.

कार्ड तिला दाखवलं.
मला वाटलं होतं, हसेल.
तिनं ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं,
"म्हंजे लिहिणाऱ्यानंबी नाही उघडलं?"

आता पाकीट फोडलं की आधी पानं मोजतो.
मग पहिल्यापासून वाचतो, हळू,
ओळीखाली बोट धरून, लहानपणी धरायचो तसं.
चौकोन दोन रविवार रिकामा गेला,
तिथं युरियाची जाहिरात आली.
बरी होती. शब्द मोजकेच.

एकतीस पुस्तकं मागं आहे मी.
कवडूजी सायकल टेकवतो, आज चार म्हणतो.
ठेव तिकडं टेबलावर,
कट्ट्यांवर नको, ओल लागंल.
मी अजून सतराव्या पानावर आहे.
दामिनीनं परवाच ते परत केलं,
आत खुणेला धानाची एक लोंबी ठेवून,
कुठल्या पानाशी, ते सांगितलं नाही.