एक वाजून दहाचे निरोप

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी
मी चिठ्ठ्या वाचायला बसते.
मध्यम लहरी, एक किलोवॅट,
आणि समोर दक्षिण चिलीचा हा फाटका किनारा:
रस्ता संपतो तिथे पाणी,
पाणी संपतं तिथे पुन्हा एखादं बेट,
बेटावर तीन घरं, त्यातलं एक रिकामं.

"सेन्योरा रेमिहिया चिग्वाय यांना:
मुलगा गुरुवारच्या लाँचने येतोय.
धक्क्यावर घोडा आणावा.
दोन आणले तर बरं, पोती जड आहेत."

"ओसिएल, मुलगी झाली. दोघी ठीक.
नाक तुझ्यावर गेलंय, त्याला इलाज नाही."

"खालच्या वाडीतून ज्याने माझी कुऱ्हाड नेली,
त्याला माहीत आहे कोणी नेली."

प्रत्येक निरोप दोनदा वाचायचा, हा इथला नियम.
पहिल्यांदा माणसाला फक्त आपलं नाव ऐकू येतं.
मग ते हातातलं टाकतात, चूल फुंकायची थांबतात,
पोरांना गप्प करतात,
आणि दुसऱ्यांदा खरं ऐकतात.
त्यांच्यासोबत अख्खी खाडी ऐकते,
जिचा त्या नाकाशी काही संबंध नाही तीसुद्धा.

मागच्या वर्षी राजधानीहून एक तरुण आला होता,
पडद्यावर चढत्या रेघा दाखवत.
चौथी पिढी जुनी झाली म्हणाला,
पाचवी आलीये, सहावी वाटेवर आहे.
मी मोजलं. आमच्या घरात
तिसरी पिढी अजून बटाटे काढतेय.
"आणि मध्यम लहरी?" मी विचारलं.
त्याने पुढचं चित्र लावलं.

त्याचं खोटं नव्हतं.
छपराछपरावर पांढऱ्या ताटल्या आल्या,
आभाळापुढे धरलेल्या.
वरून उपग्रह जातात, रात्री दिसतात,
एकामागे एक, लग्नाला निघाल्यासारखे.
रेमिहियाबाई आता मुलाशी बोलतात
त्याचा चेहरा बघून. किती वाळलायस, म्हणतात.
मला आनंद आहे. खरंच आहे.
फक्त पूर्वी चाळीस चिठ्ठ्या यायच्या,
आता कधी तीन.

आमचा तंत्रज्ञ आबेलिनो
उत्तरेला मरण पावलेल्या स्टेशनांचे
अवयव विकत आणून ट्रान्समीटर जगवतो.
"ही नळी बहुतेक शेवटची," तो म्हणतो.
पाच वर्षं हेच म्हणतोय.

या मंगळवारी म्हातारा बेलिसारियो वेंतेओ
दोन तास वल्हं मारून आला.
टोपीच्या आतून चिठ्ठी काढली, तरी ती ओली.

"एलिआस, भावा.
अकरा वर्षांपूर्वी ह्याच रेडिओवरून
मी तुला मेंढीचोर म्हटलं होतं.
मेंढ्या सापडल्या."

कधी सापडल्या, मी विचारलं.
तो खिडकीबाहेर बघत म्हणाला,
"पुढच्याच महिन्यात."

अहो, फोन आहे ना तुमच्याकडे?
"नातवाने पाठवून दिलं फोनवरून.
दोन निळ्या खुणा आल्या."
मग झालं की.
"बाई," तो म्हणाला,
"चोर म्हटलं ते सगळ्यांनी ऐकलं होतं."

आणि नाणी टेबलावर मोजून ठेवली,
एकेक, सरळ रांगेत.

मी वाचलं.
काटा लाल रेघेपर्यंत जाऊन परत आला.
बेलिसारियो दाराशी उभा, टोपी हातात,
स्वतःच्याच शब्दांना पाहुणा आल्यासारखा.
कोणी ऐकलं, कोणी नाही,
रेडिओला निळ्या खुणा नसतात.
चाळीस असतील, चार असतील,
एखादा नुसता कुत्रा असेल चुलीपाशी.

दुसऱ्यांदा वाचण्याआधी
मी नेहमीपेक्षा जरा जास्त थांबले.
कुठेतरी कुणाला
हातातलं टाकायला वेळ मिळावा म्हणून.

नंतरची चिठ्ठी कुऱ्हाडीची होती.
अजून मिळालेली नाही.